मामांचं भरलेलं घर सामानासकट विकलं: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. घर 'आहे त्या स्थितीत' विकायचं ठरवलं ते बरोबरच झालं. पण 'चावी द्यायची, पैसे घ्यायचे, विषय संपला' असं जे एजंट सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. पाचपैकी साडेतीन. पावसाळ्याच्या तोंडावर रजिस्ट्री झाली, आता तुरी काढणीला आल्यात. मधल्या काळात जे जे निस्तरावं लागलं ते लिहितो.

घर लातूरचं, गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मामा आता हयात नाहीत. ते अविवाहित, आणि हाताला आलेली वस्तू टाकायची नाही हा त्यांचा खाक्या. 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हापासून पत्रे आणि वासे साठायला लागले. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानंतर ड्रम, कॅन, घागरी. रद्दी, तेलाचे डबे आणि बंद कूलर तर बाराही महिने येतच होते. शेवटी दारापासून खाटेपर्यंत अंग चोरून जाता येईल एवढीच वाट उरली. डॉक्टर याला आजार मानतात, 2013 पासून अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे. आमच्या गल्लीत मात्र 'काटकसरी माणूस' म्हणून कौतुक चालायचं.

साफ करून विकायचा विचार केला होता. भंगारवाला आला, पण त्याला लोखंड, तांबं, पितळ आणि धड असलेले ड्रम तेवढे हवे होते. उरलेला डोंगर ट्रॉल्या लावून आपणच हलवायचा. त्यात विंचू, घुशी आणि कीटकनाशकाच्या अर्धवट बाटल्या. आई आणि धाकटी मावशी दोघींची वयं झालेली, मी पुण्यात. तो नाद सोडला.

गिऱ्हाईकं येऊ लागली तशी एक गोष्ट कळली. राहायला घर हवं असलेले लोक उंबऱ्यातूनच माघारी फिरतात. घर घेऊन पुन्हा विकणारे पसाऱ्याचं इतकं भांडवल करतात, की ऐकून वाटावं आपणच त्यांना पैसे द्यावेत. तिसरा प्रकार म्हणजे घर पाडून नवीन बांधणारा. त्याला जेसीबी लावायचाच असतो, तो सामानासाठी फारसं कापत नाही. असा एक दुकानदार मिळाला. "तुम्ही कशाला हात लावू नका, आम्ही बघतो की," म्हणाला. तुमच्या जागेला जमिनीचा भाव असेल तर असाच माणूस शोधा.

किमतीचा खरा काच वेगळाच आहे. रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरांचा तक्ता, बांधकामाच्या वयाची घट धरतो, आत छतापर्यंत रद्दी आहे म्हणून एक रुपया कमी करत नाही. सौदा त्याच्या खाली झाला तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्याच किमतीवर लागतं. आयकरात 10 टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. त्यापुढे गेलात तर न मिळालेल्या पैशांवरही विकणाऱ्याचा भांडवली नफा मोजतात आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर बसतो. म्हणून भाव पाडताना 'इथपर्यंतच' ही रेघ आधी सीएकडून मारून घ्या. आम्हाला घासाघीस थांबवायला तीच कामी आली.

वारसाचं थोडक्यात. घर मामांचं स्वकष्टाचं. बायकामुलं, आईवडील कोणी नसलं की 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हयात भाऊ-बहिणींचा नंबर लागतो. थोरली मावशी मामांच्या आधी गेली, त्यामुळे तिच्या मुलांना कायद्यानं हिस्सा नव्हता. आई आणि धाकटीनं तो आपल्या वाट्यातून दिला. हे इसार घेण्याआधी घरात बसून मिटवलं, म्हणून सह्यांच्या दिवशी कोणी तोंड वाकडं केलं नाही.

सामान सोडा, पण कागद सोडू नका. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. मामांचं मूळ खरेदीखत पिठाच्या डब्यात सापडलं. वारसानं घर विकलं की नफा मोजायला मूळ मालकाची खरेदीकिंमतच धरतात (2001 च्या आधीची खरेदी असेल तर 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य घेता येतं), तेव्हा त्या डब्याची किंमत समजून घ्या. जुनी पासबुकं निघाली. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नावानं शोधता येतात, तिथून दोन खाती लागली. एका बोचक्यात खासरा पत्रकाच्या (जुन्या जमीन-नोंदींच्या) नकला आणि निजामाच्या काळातले उर्दू कागद होते. कुणबी नोंदींसाठी सध्या मराठवाडाभर लोक असे कागद धुंडाळतायत, आणि आमचे रद्दीत जाणार होते! हजाराच्या जुन्या नोटाही निघाल्या. बाद झालेल्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं 2017 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आठवण म्हणूनसुद्धा पुडकं ठेवू नका.

करारात 'आहे त्या स्थितीत' लिहिलं की आपण सुटलो, असं नाही. सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं त्याच्यावर बंधनकारक आहे. मागच्या खोलीत फरशीखाली बुजवलेला आड आहे, हे आम्ही लेखी दिलं. वकिलाला ते नको होतं, आईनं ऐकलं नाही. पुढे पाया खणताना तिथली माती खचली आणि खरेदीदाराचा फोन आला. कागद दाखवला, विषय संपला. ह्या एका गोष्टीला पाचपैकी पाच.

नंतर सापडणाऱ्या वस्तूंचं कलमही घाला. आमच्यात कागदपत्रं, फोटो आणि दागिने परत द्यायचे असं होतं. त्यानं दोन पिशव्या कागद इमानानं आणून दिले. आजीचं घंगाळ मात्र दिलं नाही, भांडी कलमात नव्हती. मावशी अजून धुसफुसते. शेजाऱ्यांनी त्याच्या डोक्यात हाली सिक्क्यांचा (निजामाच्या चलनातल्या नाण्यांचा) हंडा भरवला होता, तो काही निघाला नाही. निघाला असता तरी जमिनीतला ठेवा 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आमचं-तुमचं करायची सोयच नाही.

ज्यांच्याकडे गावातच दोन धट्टीकट्टी माणसं आणि उन्हाळ्याची सुट्टी आहे, त्यांनी घर रिकामं करूनच विकावं, भाव चांगला येईल. आमच्यासारखे लांब राहणारे असतील तर कागद वेचून बाकी सोडून द्या. घरपट्टीची थकबाकी इसारातच वळती करून घ्या. विजेच्या मीटरवरचं नाव बदलायचं खरेदीदारानं कबूल केलं होतं, ते अजून झालेलं नाही. बिलाचा मेसेज दर महिन्याला माझ्याच मोबाईलवर येतो आणि मी तो त्याला पुढे ढकलतो.