गंगापूर रोडवरील बालरुग्णालय: मुलीच्या टायफॉइडचा अनुभव
सात वर्षांच्या मुलीचा ताप पाच दिवस हटत नव्हता आणि दुसऱ्या एका दवाखान्यात केवळ विडाल या रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचणीवरून सुरू केलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाने उतार पडत नव्हता, म्हणून आम्ही नाशिकच्या या लहान रुग्णालयात आलो. येथील डॉक्टरांनी औषध बदलण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, घेतले. विडाल अनेकदा फसवी ठरते आणि कोणते औषध लागू पडेल हे त्यातून कळत नाही, हे त्यांनी घाई न करता समजावले. कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी हा टायफॉइडचा जंतू आढळला. सिप्रोफ्लॉक्सासिनला तो दाद देत नव्हता, जे भारतात आता सर्रास दिसते. शिरेतून द्यायचे सेफ्ट्रिॲक्सोन हे दुसरे प्रतिजैविक मात्र चालणार होते. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या जंतूच्या प्रकाराला तेही चालत नाही, हे ऐकून आम्ही स्वतःला सुदैवीच मानले. शिरेतून औषध सुरू झाल्यावरही ताप पाचव्या दिवशी उतरला, पण इतका वेळ लागू शकतो याची कल्पना आधीच दिलेली होती. धाकट्याला सहा महिन्यांनंतर देता येणारी टायफॉइडची कॉन्जुगेट लसही येथेच टोचून घेतली. बिलाच्या खिडकीवर मात्र तासभर ताटकळावे लागते आणि वाहन लावायला जागा नाही.