मंडळीसाठी व्हॉट्सॲप चॅनेल आणि यूट्यूब लाइव्ह: वर्षभर वापरल्यानंतर

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी पाळक (पास्टर) आहे. गेलं वर्षभर आम्ही रविवारची उपासना यूट्यूबवर थेट दाखवतोय आणि रोजचं बायबलचं वचन, सूचना व्हॉट्सॲप चॅनेलवर देतोय. चॅनेलवर फक्त ॲडमिन टाकतात, बाकीचे वाचतात किंवा ऐकतात. आसपासचे पाळकबंधू विचारतात, सुरू करावं का? जरूर करा. पण आधी चॅनेल करा, लाइव्हचं नंतर बघा. आणि कुणाचीही प्रार्थना विनंती ग्रुपवर टाकू नका. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

आमचा पूर्वी एक ग्रुप होता. शुभ सकाळ, फॉरवर्ड, मध्येच राजकारण, आणि या सगळ्यात अंत्यविधीची वेळ कुठे वर निघून जायची ते कळायचं नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची सोय) 256 जणांची मर्यादा, शिवाय समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोहोचतच नाही. मंडळीतल्या आज्यांच्या फोनमध्ये पाळकाचा नंबर असेलच असं कसं धरायचं? चॅनेलवर ही अडचण नाही. एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे ग्रुपमध्ये यायला कचरणाऱ्या मुली आणि सुना इथे निर्धास्त आल्या. एक लक्षात ठेवा: चॅनेलवरचा मजकूर 30 दिवसांनी निघून जातो. जपून ठेवायचं ते वेगळं साठवा.

चॅनेलवर सगळ्यात जास्त उपयोग झाला आवाजी मेसेजचा. सकाळी एक शास्त्रपाठ, त्यावर दोन शब्द, छोटी प्रार्थना, तीन मिनिटांत आटोपतं. चाकणला कंपनीत कामाला असलेली आमची मुलं पहिल्या पाळीच्या बसमध्ये ते ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांनाही ते पोहोचतं. वचनाचं रंगीत पोस्टर करण्यात आमची तरुण मुलं आधी बराच वेळ घालवायची. त्या पोस्टरला अंगठे भरपूर यायचे, पण त्यावरून कुणी मला फोन करून मन मोकळं केलं असं घडलं नाही. आवाज ऐकून मात्र लोक फोन करतात.

यूट्यूबचं काम जास्त वेळखाऊ आहे. मोबाइलवरून लाइव्ह जायला चॅनेलचे निदान 50 सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून नाताळच्या आदल्या रात्री खटपट करू नका. चित्रापेक्षा आवाजावर खर्च करा. आमच्या मंदिराचं, म्हणजे चर्चच्या इमारतीचं, छत उंच आहे, पंखे जुने आहेत. फोनच्या माइकवर उपदेश कमी आणि घुमणारा आवाजच जास्त यायचा. साधा कॉलर माइक लावल्यावर निम्मी तक्रार मिटली.

मंदिराला लागूनच एक आजी राहतात. मणक्याच्या दुखण्यामुळे अंथरुणाला खिळल्या आहेत. नात त्यांच्या उशीजवळ फोन ठेवते. लाइव्ह थोडं मागून येतं, त्यामुळे त्यांना घंटा आधी खिडकीतून ऐकू येते आणि मग फोनमधून. मंडळीचं गीत संपतं तेव्हा आजींचं शेवटचं कडवं चालू असतं, आणि खिडकी उघडी असेल तर तो आवाज आम्हाला वेदीपाशी ऐकू येतो. त्यांच्यासाठी मी हे काम आनंदानं करतो. मात्र प्रभुभोजन, म्हणजे भाकर व प्याला घेण्याचा विधी, आम्ही पडद्यावरून देत नाही. उपासना संपली की मंडळीचे वडील (एल्डर) आणि मी भाकर व प्याला घेऊन त्यांच्या घरी जातो.

गीतांच्या बाबतीत एक त्रास होतो. मराठी ख्रिस्ती गीतं लिहिणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली गेले, त्यांचे शब्द कॉपीराइटमधून केव्हाच मोकळे झालेत. तरीही आमच्याच मंडळीनं पेटी-तबल्यावर गायलेल्या गीतावर एका कंपनीचा दावा आला. यूट्यूब चाल ताडून पाहतं, ती कुणा कंपनीच्या रेकॉर्डिंगशी जुळली की दावा लागतो. घाबरून व्हिडिओ काढू नका. यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेल सांभाळायच्या पानावर) जाऊन हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. उपासनेआधी वाजवायला मात्र तयार रेकॉर्डिंग लावू नका, तिथे दावा खराच असतो.

आता प्रार्थना विनंत्या. 'अमुक ताईंच्या गाठीचा रिपोर्ट आलाय, प्रार्थना करा' हे प्रेमानंच लिहिलेलं असतं. पण त्याचा स्क्रीनशॉट तासाभरात सासरी पोहोचतो. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा मुलगा व्यसनात अडकलाय, या गोष्टी माणूस पाळकाला विश्वासानं सांगतो. म्हणून आमच्याकडे विनंती फक्त माझ्या नंबरवर येते. मी फोन करून विचारतो, 'हे कुणाकुणाला सांगू?' कुणालाच नको म्हणाले तर ते माझ्यापाशीच राहतं. चॅनेलवर नावं जात नाहीत. बाप्तिस्मा आम्ही लाइव्ह दाखवत नाही, आणि संडेस्कूलच्या लेकरांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय टाकत नाही. कॅमेरा वेदीकडे तोंड करून असतो, म्हणजे बाकांवर बसलेल्यांचे चेहरे येत नाहीत. नव्यानं येऊन शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला तेवढी मोकळीक मिळालीच पाहिजे.

'मंदिरात मोबाइल कशाला' म्हणणारे वडीलही आमच्याकडे होते. त्यांचा आक्षेप मला आदराचा वाटतो. ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली याच नगरातून निघू लागलं, तेव्हा छापील कागदही नवाच होता, एवढं मी त्यांना सांगितलं. आता तेच लाइव्ह सुरू होण्याआधी स्टँड सरळ आहे का ते बघतात.

पाळकबंधूंना आणखी एक सांगणं आहे. चॅनेल स्वतःच्या नावावर काढू नका. आपली बदली होते, मंडळी तिथेच राहते. आमच्या चॅनेलला सेक्रेटरी आणि तरुण संघातले दोघं ॲडमिन आहेत, यूट्यूबचा ईमेल मंडळीच्या नावाचा आहे, आणि पासवर्ड खजिनदारांकडे पावतीपुस्तकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवला आहे.