अंदमानहून पावसाळ्यात परतताना: पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं नाही

अंदमानच्या पॅकेजमध्ये फसवणूक झालीच तर ती बहुधा परतीच्या तिकिटात होते. जातानाचं तिकीट खरं निघतं, हॉटेल बरं असतं, विश्वास बसतो. मग परतीचं कागदपत्र कोण बघतो?

एजंट व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. वर विमान कंपनीचं चिन्ह, सगळ्यांची नावं, पोर्ट ब्लेअर (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) ते मुंबई, सहा अक्षरांचा पीएनआर. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर बुकिंग उघडतंसुद्धा! लगेच उरलेले पैसे यूपीआयने जातात. प्रत्यक्षात त्याने जागा नुसत्या होल्डवर धरलेल्या असतात. होल्डला मुदत असते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर आरक्षण आपोआप उडतं. चार दिवसांनी तोच पीएनआर टाकला तर काहीच सापडत नाही. पण परत टाकून बघत कोणीच नाही, आणि मग वीर सावरकर विमानतळावर बॅगा घेऊन उभं असताना कळतं. आयत्या वेळचं भाडं भरण्याशिवाय तिथे इलाज नसतो, कारण बेटावरून रात्रीची रेल्वे नाही की एसटी नाही.

म्हणून पीएनआरवर थांबू नका, तिकीट क्रमांक मागा. तो 13 अंकी असतो आणि पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे 098. काही स्वस्त कंपन्या असा क्रमांक देत नाहीत. तिथे स्थिती ‘कन्फर्म्ड’ आणि बाकी रक्कम शून्य दिसली पाहिजे. बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. एजंट स्वतःचा टाकतो तो उगाच नाही: निघालेलं तिकीटही नंतर रद्द करता येतं, आणि त्याचा मेसेज व रिफंड दोन्ही त्याच्याकडे जातात. तेव्हा पैसे दिल्यावर, आठवड्याने आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, असं तीनदा तपासा. वेब चेक-इन उघडताच करून टाका.

दुसरी गोम जोडतिकिटाची. चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे दोन वेगळे पीएनआर एकत्र छापून ‘थ्रू तिकीट’ म्हणून विकतात. अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्यातच पोहोचतो. त्यात पहिलं विमान रखडलं की दुसऱ्यात तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी, आणि दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅगसुद्धा मध्ये उतरवून घ्यायची, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायची. दोन तासांत हे जमलं तर नशीब. एकाच पीएनआरवर असाल तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. चारपाचशे रुपये वाचवण्यासाठी हे करू नये.

स्वराज द्वीपहून (पूर्वीचं हॅवलॉक बेट) सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा कार्यक्रम कोणी आखून दिला तर तो बदलून घ्या. समुद्र खवळला की बोटी बंद होतात. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी.

मुंबईत पाऊस कोसळून विमान रद्द झालं की आणखी एक टोळी कामाला लागते. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधलं की वरच्या जाहिरातीत भलताच नंबर येतो. समोरचा गोड बोलतो, पीएनआर विचारतो, “रिफंडसाठी हे ॲप घ्या” म्हणतो. ते ॲप तुमची स्क्रीन त्याला दाखवतं. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. नंबर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्या.

विमान कंपनीनेच रद्द केलं असेल तर ‘नॉन-रिफंडेबल’ हे उत्तर चालत नाही, पूर्ण पैसे मिळतात. तुम्ही स्वतः रद्द केलं तरी विमानतळ शुल्कासारखे कर परत द्यावेच लागतात, आणि एजंट नेमके तेच गिळतो.

पैसे गेले असतील तर एजंटच्या “उद्या बघतो”वर दिवस काढू नका. लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पीडीएफ आणि चॅट हाताशी ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट फोन करण्याआधीच काढा, कारण एजंट मेसेज पुसून टाकतो.