संध्याकाळची तीन वर्षं की काही आठवड्यांचं सर्टिफिकेट?

नोकरी सांभाळून मॅनेजमेंट शिकायचं तर एक वाट मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पार्टटाइम अभ्यासक्रमांची: एमएमएम (मार्केटिंग), एमएफएम (फायनान्स), एमएचआरडीएम (एचआर). दुसरी, हल्ली 'मिनी एमबीए' म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन कोर्सची. मी आधी दुसरी धरली, मग पहिली.

ऑनलाइनचे लेक्चर लोकलमध्ये बघून होतात, आणि एक्सेल किंवा डिजिटल मार्केटिंग एवढंच हवं असेल तर तेच घ्यावं. मला खटकली ती तिथली परीक्षा. उत्तर चुकलं की लगेच पुन्हा द्या. प्रश्न तेच, पर्यायांची जागा फक्त बदललेली. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा धडा असाच 'पूर्ण' झाला आणि पुढचा उघडला. मला नक्की काय कळलं, हे विचारणारं कुणीच नव्हतं.

तोच विषय संध्याकाळच्या वर्गात आला तेव्हा सरांनी एका लहान कारखान्याचा ताळेबंद फळ्यावर मांडला. नफा आहे, पण पगाराला पैसे नाहीत, का? बँकेतला एकजण म्हणाला, कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून लागेल तशी उचल घेण्याची मर्यादा वाढवा. वसईला स्वतःचं युनिट चालवणारा उसळलाच: "व्याज कोण भरणार? माझी येणी नव्वद दिवस अडकतात, मालवाल्याला मात्र तिसाव्या दिवशी द्यावे लागतात." सरांनी आठवण करून दिली की लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदाच आहे. त्यावर तो म्हणाला, तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. तो तास मला आजही पाठ आहे.

अर्थात ही तीन वर्षं दमवतात. ऑफिसातलं क्वार्टर क्लोजिंग (तिमाहीचे हिशेब बंद करणं) आणि परीक्षा एकदम येतात, घरच्यांना रात्री उशिरापर्यंत वाट बघावी लागते. घरात तान्हं मूल असेल तर मी कुणाला आग्रह करणार नाही. त्यांच्यासाठी ऑनलाइन एमबीएची पदवी आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असेल तर ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. पण तिलाही दोन वर्षं लागतात. 'अनुभव धरून झटपट डिग्री' म्हणणाऱ्या एजंटाकडे मात्र फिरकूही नका.

बाकी, कामात पैशांचे निर्णय घ्यावे लागणार असतील तर माझ्या मते एमएफएमचा फॉर्म आधी भरावा. सर्टिफिकेट काय, पुढे कधीही करता येतं.