ओलोर्गेसायली, केनिया : दगडांनी सांगितलेला प्रवास

नैरोबीच्या नैऋत्येला सुमारे 70 किलोमीटरवर, मगाडी सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे अश्मयुगीन स्थळ लुई आणि मेरी लीकी या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने 1942 मध्ये उजेडात आणले. लाकडी पुलावरून चालताना, सापडल्या तिथेच ठेवलेल्या असंख्य हातकुऱ्हाडी (हातात धरून वापरायची दगडी हत्यारे) पायाखाली पसरलेल्या दिसतात. त्या ज्या लाव्हा खडकातून घडवल्या, तो बहुतांशी आसपासच्या डोंगरांतलाच आहे.

मला खरी ओढ होती ती याच खोऱ्यातील, सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत मिळालेल्या ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची. हा दगड खोऱ्यात निसर्गतः मिळत नाही. प्रत्येक उद्रेकाच्या काचेत रुबिडियम, झिर्कोनियम यांसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे क्ष-किरणांनी ते मोजून हत्याराचा दगड मूळचा कुठला ते ओळखता येते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही काच वेगवेगळ्या दिशांना 25 ते 50 किलोमीटरवर असलेल्या ठिकाणांहून आली होती. ही हत्यारे वापरणारी माणसे स्वतः तितकी चालली की शेजारच्या टोळ्यांशी देवाणघेवाण करत होती? संशोधकांचा कल देवाणघेवाणीकडे आहे, आणि मलाही तेच पटते, कारण त्याच काळात हत्यारे लहान व सुबक झाली आणि रंगद्रव्यांचा वापरही दिसू लागला.

भाड्याची गाडी तासभर उशिरा आल्यामुळे आम्ही भर उन्हात पोहोचलो, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाणी भरपूर न्यावे. दख्खनच्या पठारावर गारगोटीची सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अगदी छोटी दगडी हत्यारे, वेचणाऱ्या अभ्यासकांनी तर हे ठिकाण आवर्जून पाहावे.