टेलिमानस १४४१६ : कोविड वॉर्डातल्या नर्सचा रिव्ह्यू

टेलिमानस म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन. फ्री आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आम्हाला गरज होती तेव्हा नव्हतंच, तेव्हा आमच्या हॉस्पिटलने काय केलं तर नाइट संपल्यावर झूमवर योगाचं लेक्चर, अर्धा स्टाफ खुर्चीतच पेंगत होता! मला अजून लिफ्टचा बीप ऐकला तरी व्हेंटिलेटरचा अलार्म वाटून छातीत धस्स होतं. फोनवरच्या ताईंनी पॉझिटिव्ह राहा वगैरे डोस न पाजता झोप लागते का, जेवण जातं का एवढंच विचारलं आणि मग नुसतं ऐकून घेतलं. गरज पडली तर सायकियाट्रिस्टशी पण जोडून देतात. फक्त ड्युटीवरून लावू नका, पेशंटची बेल वाजली की बोलणं अर्ध्यात राहतं.