ऑटोरन्स: काही महिने वापरल्यावर

स्पायवेअरला, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, एकदा चालून भागत नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी पाळत चालू राहायला हवी, म्हणून विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींत ते कुठेतरी स्वतःची नोंद करून ठेवतं. ऑटोरन्स हे छोटं विंडोज टूल त्या सगळ्या नोंदी एकाच खिडकीत समोर मांडतं. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी त्यापुढे अगदीच तोकडी आहे.

मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचं हे काम. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली आणि आता ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. कृपया तिथूनच घ्या. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

पहिल्यांदा एवढ्या ओळी दिसतात की छातीत धडकी भरते. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आवाक्यात येते, पण त्याआधी डिजिटल सहीची, म्हणजे फाइल खरंच त्या कंपनीची असल्याच्या पुराव्याची, पडताळणी चालू करा. फाइलमध्ये कंपनीचं नाव म्हणून 'मायक्रोसॉफ्ट' कोणीही लिहू शकतो! गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा जुळत नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. गुलाबी दिसलं की लगेच उडवू नका, अनेक प्रामाणिक छोट्या प्रोग्रॅमनाही सही नसते. व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटची तपासणी इथूनच करता येते. तिथल्या सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद्यानेच बोट दाखवलं, तर ती बहुधा खोटी हाकाटी असते.

माझ्याकडे ब्राउझर अधूनमधून स्वतःहून जाहिरातीचं पान उघडत होता. स्टार्टअपमध्ये काहीच नव्हतं. ऑटोरन्सच्या 'शेड्यूल्ड टास्क्स'मध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, एका फुकट पीडीएफ कन्व्हर्टरने बसवलेलं टास्क सापडलं. नोंदीपुढच्या चौकोनातली नुसती खूण काढली की नोंद बंद होते, पुसली जात नाही. चुकलंच तर खूण परत करता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते. आठवडाभर खूण काढून ठेवली, जाहिराती थांबल्या, मग टास्क पुसून टाकलं.

आता स्वच्छ अवस्थेतली यादी सेव्ह करून ठेवली आहे. काही नवीन इन्स्टॉल केलं की तिच्याशी तुलना करतो. नव्या नोंदी हिरव्या दिसतात. सगळ्यात उपयोगी पडलेली सवय हीच.

मात्र हा पहारेकरी नाही. कोणाला अडवत नाही, फक्त दाखवतो. अडवण्यासाठी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, चालू हवाच, आणि त्यातलं नको असलेली ॲप्स रोखणारं सेटिंगही बघून घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (साइटवर तुमचं लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून काही क्षणांत पसार होणारे इन्फोस्टीलर मागे कसलीच नोंद ठेवत नाहीत, त्यामुळे ऑटोरन्समध्ये दिसत नाहीत. अशांपुढे क्रॅक केलेली, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेली, सॉफ्टवेअर न घेणं हाच खरा बचाव. क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही ऑटोरन्समध्ये येत नाहीत. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे' अशी परवानगी कोणाला दिली आहे, ते ब्राउझरमध्येच जाऊन बघावं लागतं.